न्यायालयातला शेवटचा शब्द : सर बर्नार्ड स्पिल्सबरी

खुनाच्या खटल्यात डॉक्टर साक्षीला उभा राहतो, मृत्यूचे कारण सांगतो आणि न्यायालय ते लक्षपूर्वक ऐकते, हे दृश्य आज अगदी परिचयाचे झाले आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मात्र न्यायवैद्यकाची पत फारशी नव्हती. १८५९ मध्ये डॉक्टर टॉमस स्मेथर्स्ट याच्यावर विषप्रयोगाचा खटला चालला. त्या काळचे सर्वांत नामांकित विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर यांनी एका बाटलीत आर्सेनिक सापडल्याचे सांगितले होते. पुढे त्यांनाच कबूल करावे लागले, की ते आर्सेनिक परीक्षणासाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतूनच आले होते. स्मेथर्स्टला अखेर खुनाच्या आरोपातून माफी मिळाली आणि तज्ज्ञ साक्षीदार हा थट्टेचा विषय होऊन बसला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे हा डाग पुरता पुसला गेला नाही. तो ज्या माणसाने पुसला त्याचे नाव बर्नार्ड हेन्री स्पिल्सबरी. डाग पुसताना पारडे दुसऱ्या बाजूला किती झुकले, हाही त्याच्या चरित्राचा भाग आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच अधिक महत्त्वाचा भाग आहे.

स्पिल्सबरी यांचा जन्म १६ मे १८७७ रोजी वॉरिकशायर परगण्यातील लेमिंग्टन स्पा या गावी झाला. वडील जेम्स हे रासायनिक द्रव्यांचे उत्पादक होते. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजातून निसर्गविज्ञानाची पदवी घेऊन १८९९ मध्ये त्यांनी लंडनच्या पॅडिंग्टन भागातील सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. अभ्यासात ते असामान्य नव्हते आणि वैद्यकीय पदवी हाती पडायला १९०५ साल उजाडले. पण या रुग्णालयात त्यांना तीन गुरू लाभले. शल्यचिकित्सक व विकृतितज्ज्ञ ऑगस्टस पेपर, रसायनतज्ज्ञ आर्थर लफ आणि विषतज्ज्ञ विल्यम विलकॉक्स हे तिघेही गृहखात्यासाठी न्यायवैद्यकाचे काम करीत. त्यांच्या सहवासात या तरुणाला रोग्यापेक्षा मृतदेहाचे आणि औषधापेक्षा सूक्ष्मदर्शकाचे वेड लागले. १९०५ मध्येच लंडनच्या नगरशासनाने आकस्मिक मृत्यूंच्या शवविच्छेदनासाठी प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात प्रशिक्षित विकृतितज्ज्ञ असावेत असा आग्रह धरला आणि स्पिल्सबरींना सेंट मेरीजमध्ये साहाय्यक विकृतितज्ज्ञाची जागा मिळाली. पुढची पाच वर्षे त्यांनी शवागारात काढली. बाहेरच्या जगाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

ते ठाऊक झाले १९१० च्या ऑक्टोबरात. हॉली हार्वे क्रिपेन हा अमेरिकेतून लंडनला येऊन स्थायिक झालेला होमिओपॅथीचा डॉक्टर. त्याची पत्नी कोरा रंगभूमीवर बेल एलमोर या नावाने गात असे. १९१० च्या फेब्रुवारीपासून ती दिसेनाशी झाली. ती अमेरिकेला गेली आणि तिथेच वारली, असे क्रिपेन सांगत राहिला. पण त्याची तरुण टंकलेखिका एथेल ली नीव्ह ही कोराचे दागिने घालून मिरवू लागली तेव्हा कोराच्या मैत्रिणींना संशय आला. स्कॉटलंड यार्डचे इन्स्पेक्टर वॉल्टर ड्यू यांनी चौकशी सुरू करताच क्रिपेन आणि एथेल दोघेही पसार झाले. १३ जुलैला हिलड्रॉप क्रेसेंटमधील ३९ क्रमांकाच्या घराच्या तळघरात विटांच्या फरशीखाली मानवी देहाचे अवशेष सापडले. त्यात शिर नव्हते, हातपाय नव्हते, एकही हाड नव्हते. पुढचा पाठलाग सर्वश्रुत आहे. कॅनडाकडे निघालेल्या मॉन्ट्रोझ या जहाजाच्या कप्तानाने मुलाच्या वेशातील एथेलला ओळखले आणि बिनतारी संदेश पाठवला. ड्यू वेगवान जहाजाने पुढे गेले व त्यांनी दोघांना अटक केली. वृत्तपत्रांना दोन आठवडे याखेरीज दुसरा विषय नव्हता.

खटल्यातील प्रश्न मात्र रुक्ष होता. हे मांस कोणाचे? विलकॉक्स यांना अवशेषांत हायोसीन हे विष सापडले. आपल्याकडच्या धोतऱ्यात असणाऱ्या विषारी द्रव्यांपैकीच हे एक. क्रिपेनने जानेवारीत त्याचे पाच ग्रेन विकत घेतल्याची नोंद दुकानदाराकडे होती. अवशेषांबरोबर पायजम्याच्या सदऱ्याचा तुकडा मिळाला आणि त्यावरच्या चिठ्ठीत जोन्स ब्रदर्स या दुकानाच्या नावापुढे लिमिटेड हा शब्द होता. ते दुकान १९०६ मध्ये लिमिटेड झाले, क्रिपेन दांपत्य त्या घरात १९०५ मध्ये राहायला आले होते. म्हणजे आधीच्या भाडेकरूंनी तो देह पुरला ही शक्यता संपली. उरली ओळख. कोराच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण होता आणि अवशेषांत त्वचेच्या एका तुकड्यावर चारेक इंच लांबीची खूण होती. बचाव पक्षाच्या डॉक्टरांनी सांगितले, की ही केवळ कातडीची घडी आहे आणि तो तुकडा मांडीचा असावा. तेहतीस वर्षांचे, उंच, देखणे, कोटाला फूल लावलेले स्पिल्सबरी साक्षीच्या पिंजऱ्यात आले. तुकड्याला पोटाच्या स्नायूचा अंश चिकटलेला आहे, त्यामुळे तो मांडीचा असू शकत नाही. व्रणाच्या जागी केसांची मुळे व तैलग्रंथी नसतात आणि या खुणेच्या मध्यभागी त्या नाहीत, असे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. काचपट्ट्या आणल्या होत्या. शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडून ज्यूरीला त्या दाखवण्यात आल्या. नानावटी खटल्यामुळे मराठी वाचकाला परिचित असलेली ती ज्यूरी, म्हणजे दुकानदार, कारकून अशी सामान्य माणसे. त्यांना त्या काचेवर काय दिसले असेल ते असो. ते अर्ध्या तासाच्या आत दोषी असा निर्णय घेऊन परतले. २३ नोव्हेंबरला क्रिपेनला पेंटनविल तुरुंगात फाशी झाली.

शंभर वर्षे होत आली असताना, २००७ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी जपून ठेवलेल्या त्या काचपट्ट्यांपैकी एकीवरील ऊतींची जनुकीय तपासणी केली आणि कोराच्या मातृकुळातील आजच्या नातलगांशी ती जुळत नाही, इतकेच नव्हे तर ते अवशेष पुरुषाचे आहेत, असा निष्कर्ष जाहीर केला. या निष्कर्षावरही आक्षेप आहेत. इतक्या जुन्या, अनेकांनी हाताळलेल्या नमुन्याची शुद्धता कितपत मानायची आणि वंशावळ बिनचूक लावली आहे का, हे प्रश्न अजून मिटलेले नाहीत. क्रिपेन निर्दोष होता असे त्यावरून म्हणणे धाडसाचे ठरेल. पण त्या दिवशी न्यायालयात जी गोष्ट निर्विवाद म्हणून सांगितली गेली ती निर्विवाद राहिलेली नाही, एवढे खरे.

या खटल्याने स्पिल्सबरी रातोरात प्रसिद्ध झाले. १९१५ मधल्या न्हाणीघरातील वधूंच्या खटल्याने त्यांच्या कीर्तीवर कळस चढवला आणि इथे मात्र त्यांच्या बुद्धीला मनापासून दाद द्यावीशी वाटते. जॉर्ज जोसेफ स्मिथ हा वेगवेगळ्या नावांनी लग्ने करून बायकांचे पैसे लुबाडणारा इसम. १९१२ मध्ये हर्न बे येथे बेसी मंडी, १९१३ मध्ये ब्लॅकपूलला अ‍ॅलिस बर्नहॅम आणि १९१४ च्या डिसेंबरात लंडनच्या हायगेट भागात मार्गारेट लॉफ्टी, अशा त्याच्या तीन नवपरिणीत पत्नी आंघोळीच्या टबात बुडून मेल्या. प्रत्येक वेळी मृत्यू अपघाती ठरला. तिसऱ्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात वाचून दुसरीच्या आप्तांना शंका आली नसती तर चौथीही त्याच मार्गाने गेली असती.

उकरून काढलेल्या देहांवर झटापटीची खूण नव्हती. पाच फुटांच्या टबात साडेपाच फुटांहून उंच बाई बुडेल कशी? स्थानिक डॉक्टरने बेसीला अपस्माराचा झटका आला असावा असे ठरवले होते. स्पिल्सबरींनी टबांची मापे घेतली, बेसीची उंची मोजली आणि साधा विचार केला. झटक्याच्या पहिल्या अवस्थेत शरीर ताणले जाते. इतक्या लहान टबात ते ताणले गेले तर डोके पाण्याखाली न जाता वर सरकेल. बेसीचे पाय तर टबाबाहेर आलेले आढळले होते आणि मुठीत साबण घट्ट धरलेला होता. पाय एकदम वर खेचले असतील तरच हे घडेल. इन्स्पेक्टर आर्थर नील यांनी पोहण्यात तरबेज असलेल्या एका स्त्रीवर हा प्रयोग करून पाहिला. तिचे पाय अचानक ओढताच नाकातोंडात पाण्याचा लोंढा शिरून ती क्षणात बेशुद्ध झाली आणि तिला शुद्धीवर आणायला डॉक्टरची शिकस्त झाली. प्रयोग पुन्हा केला गेला नाही. स्मिथला १३ ऑगस्ट १९१५ रोजी मेडस्टोन तुरुंगात फाशी दिली गेली. एका खुनाच्या खटल्यात तशाच अन्य मृत्यूंचा पुरावा कधी ग्राह्य धरावा, या प्रश्नावर तो निवाडा पुढे कायद्याच्या विद्यार्थ्यांना दीर्घकाळ शिकवला गेला.

पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या खटल्यांची यादी लांबत गेली. हे ऑन वाय या गावचा वकील हर्बर्ट आर्मस्ट्राँग याच्या पत्नीचा देह मृत्यूनंतर दहा महिन्यांनी उकरून तपासला गेला आणि त्यातील आर्सेनिकने १९२२ मध्ये त्याला फासावर नेले. १९२३ मध्ये स्पिल्सबरींना सर हा किताब मिळाला. १९२४ मध्ये ईस्टबोर्नजवळच्या समुद्रकाठच्या बंगल्यात पॅट्रिक मॅहन याने एमिली के हिच्या देहाचे तुकडे करून काही उकळले, काही जाळले. त्या शेकडो तुकड्यांतून स्पिल्सबरींनी देह पुन्हा मांडला. त्या ठिकाणी पोलिस उघड्या हातांनी मांस उचलून बादलीत टाकत होते ते पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यातून रबरी हातमोजे, चिमटे, भिंग, मोजपट्टी, पुराव्याच्या पिशव्या असलेली तपासपेटी स्कॉटलंड यार्डने तयार केली. आज घटनास्थळी येणाऱ्या न्यायवैद्यक पथकाच्या हातातली पेटी ही तिचीच वंशज होय.

इथवरचा स्पिल्सबरी हा कोणत्याही चरित्रमालेत शोभेल असा नायक आहे. ते पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करीत. आयुष्यभरात त्यांनी केलेल्या शवविच्छेदनांची संख्या वीस हजारांवर जाते. प्रत्येकाची नोंद ते छोट्या कार्डावर स्वहस्ते करीत. हातमोजे न घालता, नाक देहाजवळ नेऊन वास घेत. वासावरून विष ओळखण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती. ते एकटे काम करीत. साहाय्यक नाही, शिष्य नाही, सहकाऱ्यांशी चर्चा नाही. न्यायवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून कार्डे साठवत राहिले आणि ग्रंथ कधी लिहिला नाही. म्हणजे त्यांची मते तपासून पाहण्याची, खोडून काढण्याची संधी शास्त्राच्या जगाला मिळालीच नाही. ती मते थेट न्यायालयात उमटत आणि तिथे ज्यूरी निर्णय देई.

आम्हा बातमीच्या धंद्यातल्या लोकांचाही यात वाटा आहे. स्पिल्सबरी येणार एवढाच मथळा वाचकाला पुरे होई. सरकारी पक्षाने त्यांना बोलावले म्हणजे आरोपी सुटत नाही, अशी समजूत रूढ झाली होती आणि ज्यूरीत बसणारी माणसे हीच वर्तमानपत्रे वाचून येत असत.

१९२५ मध्ये नॉर्मन थॉर्न या तरुणाच्या खटल्यात या कीर्तीची किंमत दिसली. ससेक्समधील क्रोबरो येथे तो कोंबड्या पाळी. त्याच्याशी लग्न ठरलेली लंडनची टंकलेखिका एल्सी कॅमरन ५ डिसेंबर १९२४ रोजी त्याला भेटायला निघाली आणि नाहीशी झाली. चौकशीला आलेल्या छायाचित्रकारांपुढे थॉर्न कोंबड्यांना दाणे टाकीत उभा राहिला. एल्सीचे तुकडे केलेला देह नेमका त्याच जागी पुरला होता हे जानेवारीत उघड झाले. असल्या आरोपीबद्दल सहानुभूती वाटणे कठीण. त्याचे म्हणणे असे, की आपण बाहेरून परतलो तेव्हा एल्सीने झोपडीच्या तुळईला दोर बांधून गळफास घेतलेला होता. घाबरून आपण देहाची विल्हेवाट लावली, खून केला नाही.

सारा खटला मानेवर येऊन ठेपला. गळफासाची खूण आहे की नाही? स्पिल्सबरींनी उघड्या डोळ्यांनी पाहून मानेवरच्या रेषा नैसर्गिक वळ्या आहेत, दोराचा वळ नाही, असे ठरवले; मृत्यू माराच्या धक्क्याने झाला असे सांगितले. क्रिपेनच्या वेळी ज्या सूक्ष्मदर्शकाने त्यांना मोठे केले तो त्यांनी इथे मानेच्या त्वचेवर रोखलाच नाही. बचाव पक्षाच्या मागणीवरून देह पुन्हा उकरला गेला, आयरिश विकृतितज्ज्ञ रॉबर्ट ब्राँटी यांनी मानेच्या ऊतींचे छेद घेऊन तपासले आणि दाबाच्या खुणा आढळल्याचे सांगितले. अनेक डॉक्टर ब्राँटींच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. स्पिल्सबरी आपल्या मतापासून तसूभर हलले नाहीत. न्यायमूर्तींनी ज्यूरीला उपदेश करताना त्यांच्या मताची थोरवी विशेष अधोरेखित केली आणि ज्यूरीने अर्ध्या तासात थॉर्नला दोषी ठरवले. तज्ज्ञांत इतका मतभेद असताना स्वतंत्र वैद्यकीय तपासणी व्हावी, ही अपिलातली विनंतीही मान्य झाली नाही. २२ एप्रिल १९२५ रोजी त्याला फाशी झाली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल त्याच क्रोबरोमध्ये राहत असत. या शिक्षेबद्दल त्यांनीही उघडपणे शंका व्यक्त केली. विधिज्ञांच्या नियतकालिकांतून टीका झाली. इंग्रजीत स्पिल्सबरीवाद असा शब्दच या प्रकरणातून रूढ झाला.

थॉर्नने खून केला होता का? कदाचित केलाही असेल. परंतु संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा, हे तत्त्व इंग्रजी फौजदारी न्यायाचा कणा आहे, आणि डझनभर डॉक्टरांचे एकमत होत नसताना संशय नाही असे मानायचे तर एका डॉक्टरचे वजन उरलेल्या सर्वांपेक्षा जास्त धरावे लागते. न्यायालयाने नेमके तेच केले.

पाच वर्षांनी याची पुनरावृत्ती झाली, तीही अधिक विचित्र रूपात. मार्गेट येथील हॉटेल मेट्रोपोलमध्ये २३ ऑक्टोबर १९२९ च्या रात्री रोझलिन फॉक्स या वृद्धेच्या खोलीला आग लागली आणि ती मृत आढळली. मुलगा सिडनी याने तिचा अपघाती विमा उतरवला होता आणि त्याची मुदत त्याच मध्यरात्री संपत होती. उकरलेल्या देहात स्पिल्सबरींना श्वासनलिकेत काजळी वा रक्तात कार्बन मोनॉक्साइड आढळला नाही. आगीपूर्वीच ती मेली होती हा निष्कर्ष त्यावरून सबळ होता. पण गळा दाबला हे ठरवले ते स्वरयंत्रामागे दिसलेल्या एका नाण्याएवढ्या काळसर डागावरून. एडिनबरोचे प्राध्यापक सिडनी स्मिथ आणि ब्राँटी यांनी जपून ठेवलेले ते स्वरयंत्र पाहिले तेव्हा त्यावर डाग नव्हता. स्पिल्सबरींचे उत्तर असे, की तो मी पाहिला तेव्हा होता, नंतर नाहीसा झाला. तो दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता, त्याचे छायाचित्र नव्हते, छेद नव्हता. तरीही ते उत्तर मान्य झाले. ८ एप्रिल १९३० रोजी सिडनी फॉक्सला फाशी झाली. या डागाबद्दलची नाराजी स्मिथ यांनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

एक बाजू मांडली तर दुसरीही मांडली पाहिजे. १९३४ मध्ये ब्रायटनला एका पेटीत व्हायोलेट के हिचा देह सापडला. कवटीला जोराचा घाव बसून ती मेली, असे स्पिल्सबरींनी सांगितले. बॅरिस्टर नॉर्मन बर्केट यांनी उलटतपासणीत त्यांच्या निष्कर्षाची धार बोथट केली, पायऱ्यांवरून पडूनही असे होऊ शकते हे वदवून घेतले आणि आरोपी टोनी मॅन्सिनी सुटला. १९७६ मध्ये त्याच मॅन्सिनीने एका वृत्तपत्राकडे खुनाची कबुली दिली. म्हणजे ज्यूरीने त्यांच्यावर अविश्वास दाखवला तिथे ते बहुधा बरोबरच होते. नियती अशा थट्टा करते. तरीही बर्केट यांचे काम चुकले असे म्हणता येत नाही. तज्ज्ञाला प्रश्न विचारणे हेच त्यांचे काम होते.

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याचे ४५ वे कलम तज्ज्ञाचे मत संबद्ध मानते आणि २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमात तेच तत्त्व कायम आहे. संबद्ध म्हणजे विचारात घेण्याजोगे. न्यायालयावर बंधनकारक नव्हे. मराठी वाचकाला या संदर्भात पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे खून खटल्याची आठवण होईल. १९५६ च्या नोव्हेंबरात डॉक्टर अनंत चिंतामण लागू याच्याबरोबर पुण्याहून रेल्वेने निघालेल्या या श्रीमंत विधवा मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात बेशुद्धावस्थेत दाखल झाल्या व वारल्या. मधुमेहाने आलेली मूर्च्छा असे कारण नोंदवले गेले आणि रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. लक्ष्मीबाई जिवंत असल्याचे भासवणारी बनावट पत्रे, हडपलेली मालमत्ता, रुग्णालयात सांगितलेले खोटे नाव या परिस्थितीजन्य पुराव्यावर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. प्रयोगशाळेला काही आढळले नाही म्हणून न्यायालयाने आपले डोळे मिटले नाहीत. आता सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे नव्या फौजदारी संहितेने बंधनकारक केले आहे. प्रयोगशाळेचा अहवाल यापुढे अधिकाधिक निर्णायक होत जाणार. त्या अहवालाला प्रश्न विचारू शकेल असा बचाव पक्षाचा तज्ज्ञ आणायची ऐपत तालुक्याच्या न्यायालयात उभ्या राहणाऱ्या किती आरोपींना असेल, याचा विचार मात्र कायद्यात दिसत नाही. थॉर्नला निदान ब्राँटी मिळाले होते.

स्पिल्सबरींच्या उत्तरायुष्यात फारसा उजेड नाही. मे १९४० मध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. त्याच वर्षी जर्मन विमानांच्या हल्ल्यात सेंट टॉमस रुग्णालयावर बाँब पडला आणि तिथे नुकताच डॉक्टर म्हणून रुजू झालेला मुलगा पीटर ठार झाला. या घावातून ते सावरले नाहीत, असे त्यांचे सारे चरित्रकार सांगतात. काम थांबले नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या हातून एक अनोखी कामगिरीही झाली. सिसिलीवरील स्वारीबाबत जर्मनांची दिशाभूल करण्यासाठी बनावट कागदपत्रांसह एक मृतदेह स्पेनच्या किनाऱ्याला लावायचा, असा बेत ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर अधिकाऱ्यांनी आखला. विमान समुद्रात पडून मेलेल्या माणसाचा म्हणून कोणता देह खपेल, स्पॅनिश डॉक्टरला काय कळेल आणि काय कळणार नाही, हा सल्ला त्यांनी स्पिल्सबरींकडून घेतला. प्रत्यक्षात तो देह उंदराचे विष पोटात गेल्याने लंडनमध्ये मेलेल्या एका निराधार वेल्श माणसाचा होता आणि तो मिळवून दिला कॉरोनर बेंटली पर्चेस यांनी. कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही १९९९ पर्यंत हे पद होते. एप्रिल १९४३ मध्ये तो देह उएल्व्हाजवळ किनाऱ्याला लागला आणि डावपेच सफल झाला. ज्याने आयुष्यभर मृतदेहाचे खरे बोलणे ऐकले त्यानेच मृतदेहाला खोटे बोलायला शिकवले, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

१९४५ मध्ये दुसरा मुलगा अ‍ॅलन क्षयाने गेला. संधिवाताने बोटे आखडू लागली. ज्या बोटांवर सारे आयुष्य उभे होते ती चिमटाही नीट धरेनात. हाताखाली कोणी तयार केलेले नव्हते आणि कीथ सिम्प्सन, फ्रान्सिस कॅम्प्स या तरुण पिढीकडे कामे जाऊ लागली होती. १७ डिसेंबर १९४७ रोजी संध्याकाळी आपल्या क्लबात जेवून ते गोवर स्ट्रीटवरील युनिव्हर्सिटी कॉलेजातील आपल्या छोट्या प्रयोगशाळेत गेले. दाराबाहेर वायूचा वास आल्याने लोक आत शिरले तेव्हा ते बेशुद्ध होते आणि त्यांना वाचवण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. ते सत्तर वर्षांचे होते. मृत्यूची चौकशी करण्याचे काम जुने स्नेही बेंटली पर्चेस यांच्याकडेच आले. मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत केलेली आत्महत्या, असा निर्णय त्यांनी नोंदवला.

ग्रंथासाठी साठवलेली कार्डे मागे राहिली. त्यांतली हजारो कार्डे आज लंडनच्या वेलकम ग्रंथालयात आहेत. बहुतेकांवर खून नाही, खटला नाही. स्वयंपाकघरातल्या वायूने गुदमरलेली माणसे, चोरट्या गर्भपातात मेलेल्या मुली, भाजलेली लेकरे यांच्या नोंदी आहेत, बारीक आणि एकसारख्या अक्षरात.